साखर पाच सेकंदांत कळते, मग विषाणू का नाही?

आपल्यापैकी अनेकांच्या घरात ग्लुकोमीटर असतो. आजोबा सकाळी चहाआधी बोट टोचतात, पट्टीला थेंब लावतात आणि पाचेक सेकंदांत आकडा समोर. ताप आला की मात्र नमुना प्रयोगशाळेत जातो आणि आपण रिपोर्टची वाट बघत बसतो. कोविडच्या काळात ते वाट बघणं काय असतं, हे सगळ्यांनीच पाहिलं. सेन्सरकडून येणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावणारे प्रोग्राम लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मला प्रश्न पडला, की जे साखरेला जमतं ते विषाणूला का जमू नये?

आधी ग्लुकोमीटर समजून घेऊ. त्याच्या पट्टीवर एक एन्झाइम असतं. ते रक्तातल्या साखरेशी क्रिया करतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पट्टीवरच्या बारीक इलेक्ट्रोडमधून अगदी क्षीण वीजप्रवाह वाहतो. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. या कल्पनेचा पाया लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 मध्ये घातला आणि 1987 मध्ये पेनाएवढा मीटर बाजारात आला. रसायनाची भाषा विजेच्या भाषेत बदलणाऱ्या अशा साधनाला इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सर म्हणतात.

विषाणूची अडचण आहे ती संख्येची. मोहरीच्या दाण्याएवढ्या, म्हणजे एक मायक्रोलिटर रक्तात साखरेचे रेणू किती असतात? हिशेब केला तर उत्तर येतं, 33 कोटींच्या सुमारे एक कोटी पट! तेवढ्याच थेंबात विषाणूच्या प्रती कधी लाखांत असतात, तर आजाराच्या सुरुवातीला मोजून पाच-दहा. आरटी-पीसीआर चाचणी यावर उपाय काढते तो प्रती वाढवण्याचा. प्रत्येक फेरीत एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत 30 फेऱ्यांत एका प्रतीच्या 100 कोटींहून अधिक होतात. पण त्याला यंत्र लागतं, प्रशिक्षित माणूस लागतो आणि वेळही.

दुसरा मार्ग म्हणजे प्रती न वाढवता इलेक्ट्रोडचेच कान तिखट करायचे. इथे नॅनोपदार्थ कामाला येतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक सेंटिमीटर बाजूचा गुळाचा चौकोनी खडा घ्या. त्याचं पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याच खड्याचे 10 नॅनोमीटर बाजूचे तुकडे करता आले, तर सगळ्यांचं मिळून पृष्ठफळ 600 चौरस मीटर होईल, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार चौरस फूट. गूळ तेवढाच, पण जागा दहा लाख पट. इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण बसवले की विषाणूला पकडणारे रेणू चिकटवायला अशीच भरपूर जागा मिळते. शिवाय कोरोना विषाणू साधारण 100 नॅनोमीटरचा आणि हे कण काही दहा नॅनोमीटरचे, म्हणजे दोघं एकाच मापाच्या जगातले.

दुसरा पदार्थ ग्राफीन. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. 2004 मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलॉव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने सोलून काढला आणि 2010 चं नोबेल मिळवलं. यात प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे वर काहीही येऊन बसलं, की आतल्या विजेच्या वाहण्यात फरक पडतो.

2020 मध्ये अमेरिकेत दीपांजन पान यांच्या गटाने या दोघांची सांगड घातली. कागदावर ग्राफीनचा थर, त्यावर सोन्याचे नॅनोकण आणि कणांना जोडलेले डीएनएचे छोटे धागे. कोरोनाच्या एका ठरावीक जनुकाला कुलपाला किल्ली बसावी तसे हे धागे बसतात. ते बसले की विजेचा संकेत बदलतो आणि हातात मावणारं उपकरण तो वाचतं. वेळ पाच मिनिटांहून कमी. 22 बाधित आणि 26 निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांवर निकाल जवळजवळ अचूक आले.

आपल्याकडेही काम झालं आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून उभ्या राहिलेल्या पाथशोध या कंपनीने हातात धरायच्या इलेक्ट्रोकेमिकल उपकरणावर कोविडच्या अँटिबॉडी मोजणारी चाचणी आणली. ती विषाणू नव्हे, तर शरीराने त्याला दिलेलं उत्तर मोजते. आणि आपल्या गोव्यातल्या मोलबायोचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं. ते इलेक्ट्रोकेमिकल नाही, पीसीआरच आहे, पण प्रयोगशाळा रुग्णाच्या जवळ नेता येते हे त्याने दाखवून दिलं.

हे जवळ नेणं आपल्या भागासाठी किती गरजेचं आहे, हे माकडतापाने शिकवलं आहे. 1957 मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू गोचिडीतून पसरतो. तो पुढे सत्तरीत आणि दोडामार्गातही पोचला. काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्या माणसाला ताप येतो, अंग दुखतं. सुरुवातीला तो साध्या तापासारखाच वाटतो. यावर खास औषध नाही, वेळेवर इस्पितळात दाखल होणं हाच आधार. रोजंदारी बुडवून शहरापर्यंत जायचं की अंगावर काढायचं, हा निर्णय त्याला पहिल्या दोन दिवसांतच घ्यावा लागतो. गावच्या आरोग्य केंद्रात दहा मिनिटांत उत्तर मिळालं, तर तो निर्णय बदलू शकतो.

मग अशी पट्टी अजून प्रत्येक औषधांच्या दुकानात का नाही? कारण रक्तात आणि लाळेत इतर प्रथिनं खच्चून भरलेली असतात. ती इलेक्ट्रोडवर चिकटून बसतात आणि संकेत गढूळ करतात. पहिली पट्टी आणि दहा हजारावी पट्टी अगदी सारखी बनवणं कठीण. त्यात आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ती महिनोन् महिने टिकली पाहिजे.

शेवटची अडचण माझ्या क्षेत्रातली आहे. संकेत किती बदलला की "बाधित" म्हणायचं? समजा गावातल्या 1000 जणांना तपासलं आणि त्यांतले 10 खरोखर आजारी आहेत. चाचणी निरोग्यांना 98 टक्के वेळा बरोबर ओळखते. ऐकायला छान! पण 990 निरोग्यांच्या 2 टक्के म्हणजे जवळपास 20 जण उगाच बाधित ठरतील. म्हणजे दर तीन "बाधितां"पैकी दोघं निरोगी! सीमारेषा वर सरकवली तर खरे रुग्ण सुटतात. म्हणून अशी चाचणी सरसकट सगळ्यांवर न वापरता आधी ताप असलेल्यांवर वापरणं आणि गरज पडेल तिथे पीसीआरने खात्री करून घेणं शहाणपणाचं.

तेव्हा मित्रांनो, "लाळेच्या थेंबातून पाच मिनिटांत निदान" अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. चाचणी खऱ्या रुग्णांवर झाली का, किती जणांवर झाली आणि सरकारी मान्यता आहे का. आणि तुमच्यापैकी जे आज अकरावी-बारावीत आहेत, शाखा निवडताना गोंधळले आहेत, त्यांना एवढंच सांगेन, की या नखाएवढ्या पट्टीला रसायन, जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग या चौघांचीही गरज आहे. यांतली कुठलीही वाट धरलीत तरी सत्तरीतल्या त्या काजूच्या बागेपर्यंत पोचता येईल.