कृत्रिम अवयव आणि अंगझडती

विमानतळावरील सुरक्षातपासणीची सारी रचना एका साध्या विभागणीवर उभी आहे. प्रवाशाचे शरीर एका वाटेने जाते आणि त्याचे सामान दुसऱ्या वाटेने. शरीर धातुशोधक चौकटीतून पलीकडे येते व जवानाच्या हातातील लहान धातुशोधकापुढे क्षणभर थांबते; सामान क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यावरून सरकत जाते. मराठीत या दोन क्रियांना ‘अंगझडती’ आणि ‘सामानाची झडती’ अशी निरनिराळी नावे आहेतच. पण गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावलेला प्रवासी या चौकटीपाशी येतो तेव्हा ही विभागणी अडखळते. तो पाय अंगात मोडावयाचा की सामानात? अंगात मोडला तर तो जागच्या जागी तपासावा लागतो. सामानात मोडला तर तो काढून पट्ट्यावर ठेवावा लागतो, आणि प्रवाशाला तोवर एका पायावर, परक्या लोकांच्या नजरेसमोर, तिष्ठावे लागते.

या प्रश्नाविषयी भाषेचा कौल पाहण्याजोगा आहे. स्वामित्व दर्शविण्यासाठी मराठी दोन भिन्न रचना वापरते. ‘त्याला दोन भाऊ आहेत’, ‘त्याला एकच हात आहे’ असे नाती व अवयव यांविषयी म्हटले जाते. छत्री किंवा पैसे यांविषयी मात्र ‘त्याच्याजवळ’ अथवा ‘त्याच्याकडे’ असे म्हणावे लागते. पहिल्या रचनेला अविभाज्य आणि दुसरीला विभाज्य स्वामित्वाची रचना म्हणता येईल. आता कृत्रिम पायाची गोष्ट घ्यावी. ‘त्यांना कृत्रिम पाय आहे’ हे वाक्य कोणाही मराठी भाषकाला सहज वाटते. ‘त्यांच्याकडे कृत्रिम पाय आहे’ या वाक्यावरून तो पाय कपाटात ठेवलेला असावा असा ग्रह होतो. एखाद्या खेळाडूविषयी ‘त्याच्याकडे धावण्यासाठी निराळा पाय आहे’ असे म्हणता येते, ते त्या वेळी तो पाय अंगावर नसतो म्हणूनच. म्हणजे अंगावर चढविलेला पाय मराठी व्याकरण निःसंकोचपणे शरीरात जमा करते.

क्रियापदांची तऱ्हा मात्र वेगळी आहे. वस्तू धारण करण्याच्या क्रियांत मराठी बारीक भेद करते: लुगडे नेसावयाचे, अंगरखा घालावयाचा, पागोटे बांधावयाचे, चष्मा लावावयाचा, कवळी बसवावयाची, कुबड्या घ्यावयाच्या. उलट क्रियेच्या वेळी हे बरेचसे भेद एका ‘काढणे’ या क्रियापदात विरून जातात. चष्मा काढतात, जोडा काढतात, आणि शस्त्रक्रियेने पाय कापला गेला तरी ‘डॉक्टरांनी पाय काढला’ असेच म्हणतात. तपासणीच्या ठिकाणी ‘पाय काढा’ असे कोणी म्हणाले, तर ज्या शब्दांनी त्या माणसाच्या अपघाताची कथा घरात सांगितली गेली असेल तेच शब्द त्याच्या कानी पडतात. भारतातील विमानतळांवर ही आज्ञा बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत दिली जाते ही गोष्ट खरी. पण ऐकणारा ती आपल्या भाषेत ऐकतो.

जवानाची अडचणही समजून घेतली पाहिजे. चौकटीतील वेटोळ्यांतून बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते. त्यात धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि चौकट ते टिपते. टिटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, पण ते विद्युद्वाहक असल्यामुळे खुब्याचा किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसविलेल्या व्यक्तीपाशीही यंत्र वाजू शकते. याउलट, रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडविलेल्या ‘जयपूर फूट’मध्ये मुख्यतः रबर आणि लाकूड असते, व त्याच्या वरची नळी पुढे प्लॅस्टिकची होऊ लागली. तेव्हा यंत्र वाजले म्हणजे संशय आणि न वाजले म्हणजे निर्धास्तपणा, असे समीकरण येथे मांडता येत नाही. खरी शंका धातूची नसून पोकळीची असते. ती फेडण्यासाठी कापडाची अगर कागदाची पट्टी अवयवावरून व हातांवरून फिरवून तीवर स्फोटक द्रव्याचे कण आढळतात का हे यंत्राने पाहण्याची पद्धत उपलब्ध आहे. अवयव काढल्याशिवाय तपासणी होऊच शकत नाही, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

शिवाय ‘काढणे’ हे काम जोडा काढण्याइतके सोपे नसते. मांडीपासूनचा पाय असेल तर बसावे लागते, कपडे उतरावे लागतात. खोबणीत बसणारा उरलेला भाग मोकळा झाला की सुजू शकतो आणि पुन्हा बसविताना त्रास होतो.

भारतात विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास २००० च्या फेब्रुवारीत प्रारंभ झाला, आणि पहिला विमानतळ जयपूरचा होता. केवळ योगायोग, पण लक्षात राहणारा. अपंग प्रवाशांच्या प्रश्नाला न्यायालयीन रूप आले ते जीजा घोष यांच्या प्रकरणात. मेंदूचा पक्षाघात असलेल्या या कार्यकर्त्या २०१२ च्या फेब्रुवारीत एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्यास निघाल्या असता त्यांना विमानातून उतरविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन् यांनी, प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढावयास लावतात, अशी तक्रार ध्वनिचित्रफितीद्वारे पंतप्रधानांपुढे मांडली व त्यासाठी ओळखपत्र द्यावे अशी मागणी केली. दलाने क्षमा मागितली आणि नियमानुसार अवयव केवळ अपवादात्मक परिस्थितीतच काढावयाचा असतो असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, जीजा घोष यांच्याच प्रकरणाच्या ओघात, मानवी प्रतिष्ठा राखण्यासाठी असे अवयव काढावयास सांगू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

‘अपवादात्मक’ हा शब्दच येथे सारी गोम आहे. अपवाद कोणता, हे ठरविण्याचा अधिकार रांग लांबलेली असताना दमलेल्या एका जवानाकडे असतो, आणि जो अपवाद रोज घडतो त्याला नियमच म्हणावे लागते. ओळखपत्राने हे कितपत साधेल याविषयीही शंका आहे. अमेरिकेत वैद्यकीय अवस्था सांगणारे असे पत्र प्रवासी दाखवू शकतात. पण त्याने तपासणी चुकत नाही. पत्र न बोलता माहिती देते, एवढाच त्याचा उपयोग. अर्थात हा उपयोगही थोडा नव्हे.

प्रवाशाच्या बाजूने पाहता, यंत्र वाजण्यापूर्वीच अवयवाची माहिती देणे, बसण्यास आसन मागणे, आणि कपडे सारण्याची वेळ आल्यास आडोशाच्या खोलीत समलिंगी कर्मचाऱ्याकडून तपासणी व्हावी असा आग्रह धरणे, ही तीन पावले उपयोगी ठरतात. हृदयातील पेसमेकर काढता येत नाही, म्हणून तेथे आज्ञेचा प्रश्नच उद्भवत नाही. हातातील धातुशोधक मात्र त्यावर फार वेळ धरू नये. इन्सुलिनच्या पंपाची गोष्ट अधिक नाजूक आहे. तो सहज सुटतो, म्हणून त्याला सामान समजण्याचा मोह पटकन होतो. परंतु काही पंपांचे निर्माते ते क्ष-किरण यंत्रातून नेऊ नयेत असे बजावतात. अशा पंपाची तपासणी तो अंगावर असतानाच, हाताने, व्हावयास हवी.