मधुमेह समजून घेताना (भाग ६) : चिघळलेल्या जखमेच्या आत

बधिर पायाबद्दल गेल्या भागात लिहिलं होतं. चप्पल घासून फोड येतो, तो दुखत नाही, म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. चार दिवसांनी मोजा पुवाने चिकटतो, दुर्गंधी येते, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. एवढ्याशा फोडातून संसर्ग इतक्या झपाट्याने का पसरतो, हे कळायला पेशीच्या आत डोकवावं लागतं.

पेशीतल्या तंतुकणिका ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. ते करताना थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो आणि सुपरऑक्साइड हा अतिशय क्रियाशील रेणू बनतो. त्याला निकामी करणारं एन्झाइम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिलं. निरोगी पेशीत हा हिशोब जुळतो. रक्तातली साखर वाढली की बऱ्याच पेशी आत येणारी साखर आटोक्यात ठेवतात. पण रक्तवाहिन्यांच्या अस्तराला, मूत्रपिंडाच्या गाळणीला आणि नसांना ते नीट जमत नाही. मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडलं की याच पेशींच्या तंतुकणिकांमध्ये सुपरऑक्साइडचा अतिरेक होतो आणि पुढची बरीचशी हानी तिथून सुरू होते. बारीक रक्तवाहिन्या नीट रुंदावत नाहीत, त्यामुळे जखमेपर्यंत रक्तही पुरेसं पोहोचत नाही.

आता जंतू येतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात आणि मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करून त्यांना मारतात. म्हणजे हाच रेणू इथे आपलं शस्त्र असतो! त्यासाठी लागतो एनएडीपीएच नावाचा रेणू. पेशीचा संरक्षक ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावायलाही तोच लागतो, आणि जादा साखरेचं सॉर्बिटॉल करण्यातही तोच खर्ची पडतो. एकाच कोठीतलं धान्य तिघांना पुरवायचं, अशी ही ओढाताण. मधुमेहातल्या न्यूट्रोफिलमधून एरवी हे रेणू थोडेथोडे झिरपत राहतात आणि जंतू समोर आल्यावर मात्र मारा तोकडा पडतो. मला हा या आजाराचा सर्वांत क्रूर भाग वाटतो.

संसर्ग रक्तात पसरला, सेप्सिस झाला, की कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनलिन साखर आणखी चढवतात. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकत्र येऊन पेरॉक्सिनायट्राइट बनतं, ते तंतुकणिकांनाच जायबंदी करतं. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते. बुरशीच्या संसर्गातही मधुमेह असाच घात करतो : २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पाहिला, त्यात लोहाचाही हात होता. मधुमेहातल्या कीटोअॅसिडोसिसमध्ये रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटतं. ती बुरशी त्यावर पोसते, आणि तेच लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून आणखी घातक रेणू तयार करतं.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का? वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न सतत येतो. सेप्सिसच्या अत्यवस्थ रुग्णांना शिरेतून क जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटचे मोठे डोस देऊन पाहिले गेले. २०२२ च्या लोव्हिट चाचणीत २८ व्या दिवशी मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण क जीवनसत्त्व मिळालेल्यांत ४४.५ टक्के होतं, न मिळालेल्यांत ३८.५. साखर अगदी खाली आणण्याचा हट्टही अंगाशी आला : २००९ च्या नाइस-शुगर चाचणीत ८१ ते १०८ चं लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. त्यामुळे अतिदक्षता विभागात साखर साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. पू काढणं, मेलेला भाग कापणं आणि वेळेवर प्रतिजैविकं देणं यावर खरी भिस्त असते.

घरी मात्र एक चूक वारंवार होते. ताप आहे, जेवण गेलं नाही, म्हणून इन्सुलिन परस्पर बंद केलं जातं. पोट रिकामं असलं तरी यकृत साखर ओततच असतं. अशा वेळी दर चार तासांनी साखर तपासा, डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना फोन करून ठरवा, आणि उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर त्याच रात्री दवाखाना गाठा.