पिठाचा धागा : आपली शेवई व जपानची सोबा

धान्यापासून पीठ करावे, पिठाची भाकरी किंवा पोळी करावी, ही विद्या बहुतेक सर्व देशांस फार प्राचीन काळापासून अवगत आहे. परंतु त्याच पिठाचा सुतासारखा बारीक धागा काढावा, तो वाळवून ठेवावा किंवा लागलीच शिजवून खावा, ही युक्ती मात्र अधिक नाजूक होय. चीन, जपान, इटली इत्यादी देशांत ती मोठ्या कौतुकाचा विषय झाली आहे. आपल्या वाशीम जिल्ह्यात तीच युक्ती घरोघरच्या बायका दर उन्हाळ्यात करीत आल्या आहेत; पण तिचे कौतुक करावे असे आपणांस क्वचितच वाटते. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस आपली शेवई आणि जपानातील ‘सोबा’ या दोहोंची तुलना करून दाखवावी, व तीत कोणते शास्त्र भरलेले आहे ते सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम घरचे पाहू. फाल्गुन-चैत्रात नवा गहू घरात येतो आणि ऊन तापू लागते. मग वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सर्व तालुक्यांत वाळवणाचे दिवस सुरू होतात. शेवयांसाठी बन्सीसारखा कठीण दाण्याचा गहू पसंत करतात. तो निवडून, किंचित ओलवून, फडक्याखाली दडपून ठेवतात, व मग वाळवून दळतात. ओलाव्यामुळे कोंडा चिवट होतो व मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. त्यामुळे चाळल्यावर रवा व सपीट स्वच्छ मिळते. हे पीठ मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवून पुष्कळ तिंबतात आणि गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतात. नंतर कोठे बाजेवर तिरपा टेकवलेल्या पाटावर तळहाताने गोळा घोळून खाली तार सोडतात, व दुसरी बाई ती झेलते. कोठे दोन्ही हातांवर कणकेचा वेढा घेऊन तो ओढतात, दुमडतात व पुन्हा ओढतात.

या दुसऱ्या रीतीत एक सुंदर गणित आहे. प्रत्येक दुमडीबरोबर तारांची संख्या दुप्पट होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ असे चालले, म्हणजे दहाव्या दुमडीस १०२४ तारा होतात. भूमितिश्रेणी ज्यांस पुस्तकात कंटाळवाणी वाटते, त्यांनी ती एकदा आजीच्या हातावर पाहावी.

आता प्रश्न असा की, ही तार तुटत कशी नाही? गव्हात ग्लायडिन व ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने आहेत. पाणी मिळाले व मळणी झाली, म्हणजे ती एकमेकांत गुंतून ग्लुटेन नावाचे एक लवचिक जाळे बनते. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते. ग्लुटेनिनमुळे ती तुटत नाही व मागे ओढ घेते. मिठाने हे जाळे अधिक घट्ट होते. फार तिंबल्यावर जाळे ताठरते, आणि लगेच ओढू गेल्यास कणीक आखडते किंवा तुटते. गोळा झाकून ठेवला असता ते सैल पडते व मग तार सुखाने निघते. ‘पिठाला जरा मुरू द्या’ असे जे घरी सांगतात, त्याचे कारण हेच. सांगणारीस ग्लुटेनचे नाव ठाऊक नसेल, पण त्याचा स्वभाव तिला पूर्ण ठाऊक असतो.

कुरडईची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्यासाठी गहू सुमारे तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, व मग वाटून, पिळून चीक काढतात. चोथ्याबरोबर बहुतेक चिवट भाग निघून जातो व खाली मुख्यतः स्टार्च, म्हणजे पिष्ट, उरते. पिष्टाला ओढून तार येत नाही. परंतु ते पाण्यात शिजले की फुगून चिकट होते. आणि गरम असतानाच साच्यातून दाबले, तर धागा पडतो. आंब्याच्या दिवसांत वऱ्हाडात रसाबरोबर जे सरगुंडे करतात, त्यांत कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळून आकार देतात. ओढणे, दाबणे, गुंडाळणे या तिन्ही रीती अशा रीतीने आपल्या स्वयंपाकघरात नांदत आहेत. चौथी रीत कापण्याची. ती पाहण्यासाठी जपानात जावे लागते.

‘सोबा’ हे एका धान्याचेही नाव आहे व त्याच्या शेवयांचेही. या धान्यास हिंदीत कुट्टू म्हणतात. हिमालयाच्या प्रदेशात ते पिकते आणि उत्तर हिंदुस्थानात उपवासाला त्याचे पीठ चालते. आपल्याकडे ते स्थान राजगिरा, शिंगाडा व वरई यांस आहे. कुट्टू हे गहू-ज्वारीसारखे तृणधान्य नव्हेच. ज्या चुक्याची आपण आंबट भाजी करतो, त्या चुक्याच्या कुळातील ही वनस्पती होय. तिचे बी त्रिकोणी, फूल बहुधा पांढरे, आणि पीक अवघ्या अडीच-तीन महिन्यांत तयार होते. थंड डोंगरी मुलखात, हलक्या जमिनीतही ते येते. म्हणून जपानातील नागानो प्रांतासारख्या पहाडी भागात, जेथे भात नीट पिकत नसे, तेथे ते लोकांचा आधार झाले. प्रारंभी त्याचा गोळा शिजवून खात असत. किसो खोऱ्यातील जोशोजी या बौद्ध मंदिराच्या कागदपत्रांत १५७४ साली ‘सोबाकिरी’, म्हणजे कापलेली सोबा, असा उल्लेख सापडतो. पुढे एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सोबाची लहान दुकाने गल्लोगल्ली झाली. त्या शहरात सडीक पांढरा तांदूळ खाणाऱ्यांस बेरीबेरीचा रोग फार होत असे. कोंड्याबरोबर तांदळातील थायामिन हे जीवनसत्त्व निघून जाई. सोबाच्या पिठात मात्र ते असते. हे कारण लोकांस पुष्कळ पुढे कळले.

कुट्टूच्या पिठात ग्लुटेन मुळीच नाही. त्यामुळे त्याची कणीक ओढता येत नाही; ओढली की तुटते. जपानी कारागिरांनी यावर दोन उपाय काढले. एक, आठ भाग कुट्टू व दोन भाग गहू असे मिश्रण करणे. यास ‘निहाची’, म्हणजे दोन-आठ, म्हणतात. दुसरा उपाय, कणीक लाटून, घडी घालून सुरीने कापणे. हे काम अत्यंत जपून होते. प्रथम रुंद परातीत पिठावर थोडे थोडे पाणी शिंपडून बोटांनी ते कणाकणास पोहोचवतात. सर्व कारागिरी या एका पायरीवर अवलंबून आहे असे ते मानतात. कारण येथे कमी-जास्त झालेले पुढे सुधारत नाही. मग गोळा मळून, लांब लाटण्याने पातळ लाटून, त्याच्या घड्या घालतात, व लाकडी पट्टीच्या आधाराने जड, रुंद सुरीने कापीत जातात. एदोच्या जुन्या प्रमाणानुसार सुमारे तीन सेंटीमीटरांत २३ धागे बसावेत. म्हणजे एकेक धागा साधारण सव्वा मिलिमीटर रुंदीचा झाला.

काही कारागीर गहू मुळीच न घालता निव्वळ कुट्टूची सोबा करतात. तेव्हा कित्येक ठिकाणी उकळते पाणी वापरतात, म्हणजे थोडे पिष्ट शिजून पीठ धरून राहते. ही गोष्ट वाचून आमच्या वाचकभगिनींस हसू येईल. ज्वारीतही ग्लुटेन नाही, आणि भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे हे त्यांस कोणी जपानातून येऊन शिकवावयास नको! तसेच जुन्या पिठाची विरी जाते व भाकरी थापताना चिरते, म्हणून पीठ ताजे दळलेले हवे, हेही त्या जाणतात. जपानात सोबेच्या तीन ताजेपणांविषयी म्हणच आहे : ताजे दळलेले, ताजे लाटलेले, ताजे उकडलेले. हजारो मैलांवरील दोन स्वयंपाकघरांनी एकमेकांस न विचारता एकच सत्य शोधून काढले, यात आम्हांस मोठे नवल वाटते.

अशा लहान दुकानात जेवण कसे होते तेही सांगतो. पुष्कळदा दुकान इतके लहान असते की मालक स्वतःच कारागीर असतो, व काही दुकानांत कणीक लाटण्याची खोली काचेआडून गिऱ्हाइकांस दिसते. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी खळखळत असते. हातची सोबा त्यात सुमारे एक मिनिटच राहते. लगेच ती थंड पाण्यात धुतात, म्हणजे वरचा चिकटपणा जातो व धागा घट्ट होतो. बांबूच्या चटईवर ती वाढतात. शेजारी एका वाटीत गडद रंगाचे कालवण, बारीक चिरलेली कांद्याची पात व वासाबी नावाच्या तिखट मुळाचा कीस असतो. दोन काड्यांनी थोडेसे धागे उचलून, टोक कालवणात बुडवून, ओढून घ्यावयाचे. त्या वेळी होणारा सुरका तेथे असभ्य समजत नाहीत. उलट, हवेबरोबर कुट्टूचा मंद वास नाकापर्यंत जातो, म्हणून तो हवाच असे म्हणतात. शेवटी, ज्या पाण्यात सोबा उकडली ते गरम पाणी आणून देतात. ते उरलेल्या कालवणात ओतून पिऊन टाकावयाचे. भाताची पेज न फेकणाऱ्या आपल्या जुन्या माणसांस ही चाल निश्चित आवडली असती.

त्या कालवणाचा अर्क बहुधा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाच्या किसाचा असतो. पण त्याचा रंग व खारटपणा येतो तो शोयू या रसापासून. शोयू करावयास सोयाबीन, गहू, मीठ व कोजी नावाची बुरशी लागते, आणि ते मिश्रण कित्येक महिने आंबवितात. गेल्या काही दशकांत आपल्या जिल्ह्याची खरिपाची शेते सोयाबीनने भरून गेली आहेत. त्या दाण्याचे तेल निघते व पेंड निघते, एवढेच आपण बहुधा जाणतो. त्याच दाण्याभोवती दुसऱ्या एका राष्ट्राने आपली सारी चव उभारली आहे, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सोबेभोवती चालीरीतीही आहेत. ३१ डिसेंबरच्या रात्री जपानी कुटुंबे सोबा खातात. धागा लांब, म्हणून आयुष्य लांब. धागा सहज तुटतो, म्हणून सरत्या वर्षाचे दुःख तुटावे, असे दोन्ही अर्थ लावतात. नव्या घरी राहावयास गेल्यावर शेजाऱ्यांस सोबा देण्याचीही जुनी चाल होती. कारण त्यांच्या भाषेत ‘सोबा’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ‘जवळ’ असा होतो. आपल्याकडे मुलीच्या रुखवतात शेवया, कुरडया व पापड मांडतात, तेही दोन घरे जवळ आणण्यासाठीच.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९५८ साली जपानातच मोमोफुकु आंदो यांनी झटपट शिजणाऱ्या, तळून सुकवलेल्या शेवया बाजारात आणल्या. हिंदुस्थानात १९८३ साली मॅगी आली, व आज खेड्यातील टपरीवरही तसली पाकिटे टांगलेली दिसतात. म्हणजे ज्या देशाने यंत्राची शेवई जगास दिली, त्याच देशाने हाताची शेवईही टाकली नाही. याचे कारण काय? आमच्या मते कारण असे की, तेथे हातच्या सोबेस किंमत मिळते. गिऱ्हाईक तिच्यासाठी अधिक पैसे देते, तरुण मनुष्य वर्षानुवर्षे ती विद्या शिकतो, आणि कारागीर म्हणून मान मिळवितो.

आपल्याकडे हातशेवईस दाम नव्हते आणि नावही नव्हते. ती आईचे ‘उन्हाळ्याचे काम’ होती. भर उन्हात पाठ मोडेपर्यंत बसणाऱ्या त्या बाईस कोणी कारागीर म्हटले नाही. तेव्हा यंत्र आले, मग पाकीट आले, आणि तिने सुटकेचा श्वास टाकला, तर तिला दोष कसा द्यावा? शेवया नाहीशा होत आहेत म्हणून केवळ हळहळणे, व त्या वळणारीच्या हातांचा विचार न करणे, हे न्यायाचे होणार नाही. अलीकडे कित्येक बचत गट हातच्या शेवया, कुरडया, पापड विकू लागले आहेत, ही चांगली गोष्ट होय. परंतु यंत्राच्या शेवयांच्या भावातच हातच्या मागणारे आपणच असतो. चार बायकांचा दिवस ज्या शेवयांत गेला, तिची किंमत पिठाच्या किमतीवर ठरत नसते.

म्हणून आमची पालकांस विनंती अशी की, हातची वस्तू घेताना घासाघीस करू नये. आणि घरी शेवया होत असतील तर ते श्रम केवळ मुलींवर न टाकता मुलग्यांसही पाटाशी बसवावे. जपानात सोबा वळणारे बहुतेक पुरुष असतात, व त्यांत त्यांस कमीपणा वाटत नाही. विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सांगतो : येत्या उन्हाळ्यात आजीजवळ बसा, आणि गहू कोणता, पाणी किती, मीठ किती, गोळा किती वेळ झाकावा, हे सर्व वहीत लिहून घ्या. ती कदाचित म्हणेल, ‘अंदाजानं टाकायचं.’ तो अंदाज म्हणजे पन्नास उन्हाळ्यांचा प्रयोग आहे. तो तिच्या हातातून तुमच्या हातात यावयाचा असेल, तर तिच्या शेजारी बसण्यावाचून दुसरा मार्ग नाही.