पंखा नुसताच ‘हूंऽऽ’ का करतो?

मे महिन्याची रणरणती दुपार. सेकंडहँड घेतलेला पंखा मोठ्या कौतुकाने छताला टांगलाय. बटण दाबलं. पंख्याने ‘हूंऽऽऽ’ केलं, पाती जराशी हलली आणि रमतगमत फिरू लागली. रेग्युलेटर दोनवर असो की पाचवर, साहेबांचा वेग तोच!

लगेच घरात वैद्यांची फौज जमते. आजोबा म्हणतात, “तेल घाला.” दादा म्हणतो, “रेग्युलेटर गेलाय.” आत्या म्हणते, “व्होल्टेजच नाहीये.” आणि बाबा म्हणतात, “कंडेन्सर बदलून बघू.” गंमत म्हणजे यातलं कुणाचंही बरोबर असू शकतं. मग खरा दोषी शोधायचा कसा? चला, जरा हेरगिरी करू.

आधी पंख्याच्या पोटात डोकावू या. बहुतेक मोटारींमध्ये मधला दांडा फिरतो. छताच्या पंख्यात सगळं उलटं! दांडा जागच्या जागी घट्ट, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, तेही स्थिर. फिरतं ते बाहेरचं कवच, पात्यांना बरोबर घेऊन.

वाइंडिंग एक नसतं, दोन असतात. वायरमनकाका एकाला ‘रनिंग’ म्हणतात, दुसऱ्याला ‘स्टार्टिंग’. दोन कशाला? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. तिच्यामुळे एका वाइंडिंगचं चुंबकत्व कमी-जास्त होतं, उलटसुलट होतं, पण फिरत नाही. सायकलचं एक पेडल अगदी वर, सरळ उभं असताना त्यावर जोर देऊन बघा. चाक पुढे जावं की मागे, त्याला कळतच नाही! पेडल जरा पुढे आलं की मात्र तोच जोर कामी येतो. म्हणजे जोर नुसता असून भागत नाही, तो योग्य वेळी, योग्य जागी मिळावा लागतो.

ही वेळ साधतो तो कंडेन्सर. पंख्याच्या वरच्या वाटीत लपलेली छोटीशी डबी. तिच्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असं काहीतरी छापलेलं असतं. ती स्टार्टिंग वाइंडिंगमधल्या विजेचा ताल पहिल्यापेक्षा साधारण पाव फेरीने पुढे नेते. दोन ताल एकत्र आले की आतलं चुंबकीय क्षेत्र चक्क गोल फिरू लागतं आणि कवच त्याच्यामागे ओढलं जातं. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची ही युक्ती इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेतल्या निकोला टेस्ला यांना वेगवेगळी सुचली. १८८८ साली दोघांचंही काम जगापुढे आलं.

आणखी एक मजा. १४ चुंबकीय ध्रुवांच्या पंख्यात हे क्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ वेळा फिरतं. कवच त्याचा पाठलाग करतं, पण त्याला कधीच गाठत नाही. गाठलं तर ओढच संपेल!

आता एकेक संशयित तपासू.

बटण बंद असताना वायरमनकाका पात्याला हलकेच ढकलतात. पातं बराच वेळ सुळसुळ फिरत राहिलं तर बेअरिंग, म्हणजे कवचाला दांड्याभोवती सहज फिरू देणारी गोळ्यांची कडी, निर्दोष. खरखर करून चटकन थांबलं तर बेअरिंग दोषी. तिथे तेल नको बरं का, आजोबा! आतल्या गोळ्यांना ग्रीस लागतं. बेअरिंग झिजलं असेल तर ते बदलायचं.

मग काका रेग्युलेटर बाजूला काढून पंखा थेट जोडतात. पंखा जोरात फिरला, तर दादा जिंकला.

संध्याकाळी सगळ्या गल्लीतले पंखे मंदावत असतील, तर आत्याचं म्हणणं खरं. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर मोटारीचा जोर जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो.

आणि ‘हूंऽऽ’ करून अडलेला पंखा ढकलल्यावर फिरू लागला, तोही ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला? मग संशयाची सुई थेट कंडेन्सरवर. त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर धातूचा अगदी तलम थर असतो. फितीला बारीकसं भोक पडलं तर भोवतालचा धातू क्षणात उडून जातो आणि बिघाड तिथेच थांबतो. कंडेन्सर स्वतःच स्वतःला बरं करतो! पण दर वेळी थोडा धातू कमी होतो, त्याची क्षमता उतरत जाते आणि पंखा वर्षागणिक मंदावतो. मात्र नवा कंडेन्सर जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच हवा. मोठा बसवला तर वाइंडिंग तापून जळू शकतं.

जुन्या पंख्यात आणखी एक घोळ सापडतो. आधीच्या दुरुस्तीत कुणी तारा उलट जोडल्या असतील तर पंखा उलटा फिरतो. वेग झकास, पण वारा छताला!

यातला एकही दोष सापडला नाही, तर वाइंडिंग कधीतरी चुकीचं भरलेलं असण्याची शक्यता उरते. तेव्हा काका पंखा दुकानात नेतात.

तुमच्यासाठीही एक काम आहे. पंखा बंद असताना मोठ्या माणसांकडून एका पात्याला रंगीत कागद चिकटवून घ्या. मग मोबाइलवर आठपट संथ व्हिडिओ काढा. पडद्यावरच्या ८० सेकंदांत, म्हणजे खऱ्या १० सेकंदांत, रंगीत पातं किती वेळा फिरलं ते मोजा आणि ६ ने गुणा. ६० फेऱ्या झाल्या तर वेग मिनिटाला ३६०, म्हणजे पंखा ठणठणीत. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. पण स्टुलावर चढून पंख्याला हात लावायचा नाही. मेन स्विच बंद असला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते. ते काम वायरमनकाकांचं, मोजण्याचं तुमचं!