ओंजळीतला गाळ

वीस वर्षांपूर्वीचा जून. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं : एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. मुलांनी ते मुकाट्यानं उतरवून घेतलं. त्या रविवारी दहा-बारा जणांना पुण्याच्या वेताळ टेकडीवर नेलं. नुकतीच मोठी सर येऊन गेली होती, पायवाटेवरून गढूळ ओहोळ धावत होता. एका मुलीनं ओंजळीत पाणी धरलं, खाली बसणारा गाळ पाहिला आणि म्हणाली, "बाई, ही शेकडो वर्षं चालली ना वाहून?"

पुढच्या रविवारी मी टेकडीवर राबणाऱ्या मंडळींत सामील झाले.

पहिली काही वर्षं आम्ही फक्त झाडं लावली. खड्डे घ्यायचे, उन्हाळाभर कॅननं पाणी वाहायचं. हळूहळू टेकडीच शिकवू लागली. मूळ मध्य अमेरिकेकडचं गिरिपुष्प भराभर वाढतं, पण त्याच्या दाटीखाली गवत टिकत नाही. इथला बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर मुरूम आणि मातीचा पातळ थर. तो थर धरून ठेवतं ते गवत. ज्या माळाला आम्ही उजाड समजत होतो, तो भरलेला होता. मग लागवड कमी केली. सालई, मोई, गणेर अशी इथलीच झाडं निवडली, उतारावर सलग समतल चर खणले, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढल्या.

टेकडी राखायची तर कुदळ पुरत नाही, हेही याच काळात कळलं. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवरचं सुमारे 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण 2015 मध्ये मंजूर झालं, तेव्हा हायसं वाटलं. एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडीवरच्या रस्त्याच्या प्रस्तावाविरुद्ध पुणेकर मोर्चानं निघाले. त्या गर्दीत माझे जुने विद्यार्थी आपल्या मुलांचा हात धरून चालत होते.

हे सगळं कशासाठी, असं घरी अनेकदा विचारलं गेलं. मी वर्गात जे सांगते, ते मुलांना हातात घेऊन तपासता येईल अशी जागा शहरात उरायला हवी, एवढंच माझं उत्तर आहे.

आता फळ्यावरचं ते मातीचं वाक्य मी आधी लिहीत नाही. पहिल्या पावसात मुलं दोन बाटल्या भरून आणतात : एक तुडवलेल्या वाटेवरच्या पाण्याची, एक गवतातून झिरपत आलेल्या पाण्याची. रात्रभर त्या वर्गाच्या खिडकीत ठेवतो. सकाळी मुलं पट्टीनं गाळ मोजतात. मग खडू मी त्यांच्याच हाती देते.