सहायकाच्या खुर्चीवर नायक

‘द गॉडफादर’ हा सिनेमा कुणाचा? व्हिटो कॉर्लिओनेचा की मायकेलचा? बहिणीच्या लग्नात सैन्याच्या गणवेशात बाजूला बसलेला, घरच्या धंद्याशी आपला संबंध नाही असं सांगणारा मायकेल अखेरीस बापाच्या जागी बसतो. गोष्ट त्याची आहे आणि पडद्यावरचा वेळही बापापेक्षा त्यालाच जास्त आहे. तरी १९७३ च्या ऑस्करला मार्लन ब्रँडो मुख्य अभिनेता म्हणून उभा राहिला आणि अल पचिनो सहायक अभिनेता म्हणून, तेही जेम्स कान आणि रॉबर्ट डुव्हाल यांच्यासोबत. ब्रँडोने जिंकलेला पुरस्कार नाकारला. पचिनो हरला, ‘कॅबरे’मधल्या जोएल ग्रेसमोर.

या वाटपावरचा वाद आज अर्धशतक उलटून गेल्यावरही शमलेला नाही. उलट आता तो दरवर्षी नव्या सिनेमांवरून पेटतो. व्हेनिस आणि टोरांटोचे महोत्सव आटोपले की नामांकनांचे अंदाज बांधणारी मंडळी याद्या करायला बसतात आणि पहिलं भांडण ‘कोण जिंकणार’ यावरून होतच नाही; ते होतं ‘कोण कुठल्या विभागात’ यावरून. कथानायकाला सहायकमध्ये घुसवण्याच्या प्रकाराला तिकडे सरळ ‘कॅटेगरी फ्रॉड’ म्हणतात. शब्द जहाल आहे, पण नियम कुणीच मोडलेला नसतो. खरी गंमत इथेच आहे.

ऑस्करच्या सुरुवातीच्या वर्षांत सहायक कलाकारांसाठी पुरस्कारच नव्हता. तो १९३७ च्या सोहळ्यात आला आणि पहिले मानकरी ठरले वॉल्टर ब्रेनन आणि गेल साँडरगार्ड. सुरुवातीला या विजेत्यांना पूर्ण पुतळाही मिळत नसे, नुसतं मानचिन्ह हातात पडे. १९४४ पासून पुतळा मिळू लागला आणि लगेच पुढच्याच वर्षी गोंधळ झाला. ‘गोइंग माय वे’ या सिनेमातल्या एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झजेराल्डला मुख्य आणि सहायक अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळालं. मुख्यमध्ये त्याच्याच सिनेमातला बिंग क्रॉस्बी जिंकला आणि फिट्झजेराल्डने सहायक मिळवला. (युद्धकाळात धातूची टंचाई असल्याने पुतळा प्लॅस्टरचा होता. घरात गोल्फचा सराव करताना फिट्झजेराल्डने त्याचं मुंडकंच उडवलं.) त्यानंतर अकादमीने नियम बदलला : एका भूमिकेला एकच नामांकन.

पण ती भूमिका कुठल्या विभागातली, हे ठरवायचं कुणी? स्टुडिओ प्रचार करताना ‘आमचा अमुक सहायकसाठी’ असं सांगतो, मात्र ते मतदारांवर बंधनकारक नसतं. नामांकनासाठी अकादमीच्या अभिनय शाखेचेच सदस्य मतं देतात. ते तेराशेच्या आसपास आहेत. प्रत्येकाने दोन्ही विभागांत पसंतीक्रमाने पाच पाच नावं लिहायची. समजा १२०० मतपत्रिका आल्या, तर त्यांना सहाने भागून एक मिळवायचा आणि २०१ चा कोटा धरायचा. पहिल्या पसंतीची मतं मोजली जातात, सर्वांत मागे असलेला बाद होतो, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे सरकतात आणि पाच जण ठरेपर्यंत हे चालतं. आपल्याकडे राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत कोट्याचं जे गणित मांडलं जातं, त्याच कुळातला हा हिशेब. एखादी भूमिका दोन्ही विभागांत मतं खात असेल, तर जिथे ती कोटा आधी गाठेल तिथे तिची जागा पक्की.

स्टुडिओंची भीती या हिशेबातून येते. एखाद्या भूमिकेच्या निम्म्या पाठीराख्यांनी मुख्यमध्ये नाव लिहिलं आणि निम्म्यांनी सहायकमध्ये, तर कोटा कुठेच न भरण्याचा धोका असतो. म्हणून प्रचार एकाच विभागाचा आणि तो ठासून. त्यात एका सिनेमात दोन तुल्यबळ भूमिका असल्या की जुनी आठवण डोकं वर काढते. १९५१ मध्ये ‘ऑल अबाउट ईव्ह’च्या बेटी डेव्हिस आणि ॲन बॅक्स्टर या दोघी मुख्यमध्ये एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आणि पुरस्कार गेला जुडी हॉलिडेला. दोघींनी एकमेकींची मतं खाल्ली, असं तेव्हापासून आजवर सांगितलं जातं. ‘थेल्मा अँड लुईस’साठी सुझन सरँडन आणि जीना डेव्हिस दोघींनाही मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, तेव्हाही दोघी हरल्या. त्यानंतरच्या तीन दशकांहून जास्त काळात एकाही सिनेमातल्या दोघी मुख्य विभागात एकत्र आलेल्या नाहीत. दोन नायिकांचे सिनेमे बनायचे थांबले असा याचा अर्थ नाही. ‘कॅरॉल’मध्ये केट ब्लँचेट मुख्य आणि रूनी मारा सहायक. ‘द फेव्हरिट’मध्ये तिघींचा खेळ, पण ऑलिव्हिया कोलमन मुख्य, बाकीच्या दोघी सहायक. व्हायोला डेव्हिसचं उदाहरण तर अफलातून आहे. ‘फेन्सेस’ नाटकातल्या रोझच्या भूमिकेसाठी तिने २०१० मध्ये मुख्य अभिनेत्रीचा टोनी जिंकला आणि त्याच रोझसाठी सिनेमात सहायकचा ऑस्कर!

मुलांच्या वाट्याला तर सहसा सहायकच येतं. लहानगी टेटम ओनील ‘पेपर मून’भर आपल्या खऱ्या बापाच्या बरोबरीने वावरते, पुरस्कार मात्र सहायकचा.

मग घड्याळ लावून मोजावं का? तसंही जमत नाही. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये अँथनी हॉपकिन्स जेमतेम पंधरा-सोळा मिनिटं दिसतो आणि तरी मुख्य अभिनेत्याचा ऑस्कर घेऊन जातो. तो नसतानाही सिनेमावर त्याचीच सावली असते, हे कुणी नाकारणार नाही. मिनिटांची अट घातली, तर पहिला बळी त्याचा जाईल.

मतदार कधी कधी स्टुडिओला जुमानत नाहीत. २००९ मध्ये केट विन्स्लेटचे दोन सिनेमे रिंगणात होते. ‘रिव्हॉल्युशनरी रोड’साठी मुख्य आणि ‘द रीडर’साठी सहायक, अशी आखणी होती आणि गोल्डन ग्लोबला ती दोन्हीकडे जिंकलीही. अकादमीच्या मतदारांनी मात्र ‘द रीडर’ उचलून मुख्यमध्ये ठेवला आणि तिथे तिला जिंकवलं. उलटी तऱ्हा २०२१ ची. ‘जुडास अँड द ब्लॅक मसाया’मध्ये लकीथ स्टॅनफील्ड जुडास आणि डॅनियल कलूया मसाया, प्रचार स्टॅनफील्डचा मुख्यसाठी होता, तरी दोघेही सहायकमध्ये आले. शीर्षकातले दोघेही सहायक, तर मग नायक कोण, हा प्रश्न त्या वर्षी अनेकांनी हसत हसत विचारला.

स्टुडिओवाले म्हणतात, यात नुकसान कुणाचं? माझ्या मते उत्तर सोपं आहे, त्या विभागातल्या खऱ्या माणसांचं. जागा पाचच. नायकाने एक घेतली की चार दृश्यांत सिनेमा तोलून धरणारा कुणीतरी बाहेर राहतो, आणि बाहेर राहिलेल्याचं नाव कुठल्याच यादीत नसल्याने त्याच्यासाठी आरडाओरडाही होत नाही.

१९८३ चं साल या दृष्टीने बघण्यासारखं आहे. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ला अकरा नामांकनं आणि आठ ऑस्कर मिळाले. त्यातला वेशभूषेचा कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी जॉन मोलोसोबत स्वीकारला. बेन किंग्जली मुख्य अभिनेता ठरला. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांना त्याच वर्षी ब्रिटनच्या बाफ्टाने सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, ‘रेड्स’च्या मॉरीन स्टेपलटनसोबत विभागून. ऑस्करच्या पाचांत मात्र त्यांचं नाव नव्हतं. पाचांतल्या दोन जागा ‘टूट्सी’ने घेतल्या होत्या आणि जिंकली जेसिका लँग, म्हणजे ज्या मुलीवर डस्टिन हॉफमनचा नायक जीव टाकतो, ती. लँग त्याच वर्षी ‘फ्रान्सेस’साठी मुख्य विभागातही होती, पण तिथे ‘सोफीज चॉइस’च्या मेरिल स्ट्रीपपुढे कुणाचाच पाड लागणार नव्हता. लँगची जागा गेली असती तर ती हट्टंगडींनाच मिळाली असती, असं म्हणायला काही आधार नाही. पण कस्तुरबा ही सहायक भूमिका कशी असावी याचा नमुना आहे आणि ‘टूट्सी’तली ज्युली ही त्या सिनेमाची नायिका आहे, एवढं म्हणायला हरकत नाही.

अंदाज बांधणाऱ्यांना या न्यायनिवाड्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांची मदार आधीच्या पुरस्कारांवर : गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, अभिनेत्यांच्या संघटनेचा, २०२५ पर्यंत सॅग म्हणून ओळखला गेलेला पुरस्कार आणि बाफ्टा. नामांकनापर्यंत सॅगची साथ बरी, कारण मत देणारे नटच असतात. तरीही कोट्याचं गणित कधी कधी सगळ्यांना चकवतं. ‘टू लेस्ली’ने थिएटरांत जेमतेम सत्तावीस हजार डॉलर कमावले होते. नामवंत नटांनी आपापल्या वर्तुळात अँड्रिया राइसबरोचं कौतुक सुरू केलं आणि २०२३ मध्ये ती थेट मुख्य अभिनेत्रींच्या पाचांत आली. थोड्याच लोकांची, पण पहिली पसंती तिला पुरली. अकादमीने त्या प्रचाराची चौकशी केली आणि नामांकन कायम ठेवलं.

अंतिम फेरीत मत सगळ्या अकादमीचं असतं, देशोदेशीच्या हजारो सदस्यांसह, आणि तिथे बाफ्टाकडे लक्ष ठेवावं लागतं. ग्लेन क्लोज, चॅडविक बोसमन, लिली ग्लॅडस्टोन, डेमी मूर या चौघांनी २०१९ ते २०२५ दरम्यान आपापल्या वर्षी सॅग जिंकला. बाफ्टा मात्र कोलमन, हॉपकिन्स, एमा स्टोन आणि मायकी मॅडिसन यांच्याकडे गेला आणि ऑस्करही. हे सूत्र पाठ करून पैजा लावणाऱ्यांना २०२३ ने तोंडघशी पाडलं. बाफ्टा केट ब्लँचेटला होता आणि ऑस्कर मिशेल योने नेला.

२०२५ च्या सहायक अभिनेत्रींत झोई सल्डान्या होती. ‘एमिलिया पेरेझ’मध्ये ती मुख्य विभागात नामांकन मिळालेल्या कार्ला सोफिया गॅस्कोनपेक्षाही जास्त वेळ दिसते. ‘विकेड’च्या जोडीतली अर्धी बाजू असलेली आरियाना ग्रांडेही तिथेच होती. आणि त्याच पाचांत ‘कॉन्क्लेव्ह’मधल्या काही मिनिटांच्या सिस्टर अ‍ॅग्नेसच्या भूमिकेसाठी इझाबेला रोसेलिनी होती, कारकिर्दीतल्या पहिल्या ऑस्कर नामांकनावर. जिंकली सल्डान्या. रोसेलिनीची आई इंग्रिड बर्गमन हिने १९७५ मध्ये हाच पुरस्कार ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’साठी घेतला होता. तिच्या वाट्याला त्या सिनेमात सांगण्यासारखं असं एकच लांब दृश्य होतं, आणि पुरस्कार हातात घेऊनही मंचावरून तिने हा मान खरं तर याच विभागात नामांकन मिळालेल्या व्हॅलेंटिना कोर्तेझेचा, असं सांगून टाकलं होतं.