कारखान्यातील नियंत्रणयंत्रे, लेखांक ७ : इनपुटचा खोटा आकडा

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातील ६६० मेगावॉटच्या संचांपासून हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहानशा भट्टीपर्यंत, प्रत्येक ठिकाणी नियंत्रकाला, म्हणजे पीएलसीला, बाहेरची स्थिती इनपुट मॉड्यूलमधूनच कळते. त्यामुळे पडद्यावरचा आकडा पटेनासा झाला की पहिला संशय मॉड्यूलवर जातो आणि ते बदलण्याची घाई होते. ही घाई बहुधा वाया जाते, कारण मॉड्यूल थंड पॅनेलमध्ये सुरक्षित बसलेले असते, तर सेन्सर, केबल आणि जंक्शन बॉक्स ऊन, धूळ व कंपन सोसत बाहेर पडलेले असतात.

दाब किंवा पातळी मोजणारा ट्रान्समीटर आपले मापन ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपाने पाठवतो. शून्य मापनालाही ४ मिलिअँपिअर ठेवण्यात मोठे शहाणपण आहे : तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि बिघाड उघड होतो. प्रचलित संकेतानुसार ३.६ च्या खालचा किंवा २१ च्या वरचा प्रवाह मापन न मानता दोषाची सूचना मानला जातो. खरी अडचण या दोन मर्यादांच्या आत राहणाऱ्या, दिसायला सभ्य अशा चुकीची असते.

ती शोधण्यासाठी साखळी मधोमध तोडावी लागते. संबंधित लूप मॅन्युअलवर घेऊन आणि इंटरलॉक रीतसर परवानगीने बाजूला ठेवून (हे विसरल्यास तपासणीच संच बंद पाडते) बाहेरून येणाऱ्या तारा सोडवाव्यात आणि लूप कॅलिब्रेटरने टर्मिनलवर १२ मिलिअँपिअर द्यावेत. पडद्यावर बरोबर मधला आकडा आला, तर मॉड्यूल निर्दोष ठरते. प्रोग्राममधील मापनपल्ला ट्रान्समीटरच्या पल्ल्याशी जुळतो की नाही, हे मात्र वेगळे पाहावे लागते. एकाच मॉड्यूलचे सगळे चॅनेल एकदम बिघडले असतील, तर सामाईक वीजपुरवठा आधी तपासावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात विशेष लक्ष द्यावे ते थर्मोकपलकडे. दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून बनवलेला हा सेन्सर प्रत्यक्ष तापमान सांगत नाही. उष्ण टोक आणि थंड टोक यांच्यातील फरकानुसार तो सूक्ष्म विद्युतदाब देतो, जो के प्रकारात अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असतो, आणि थंड टोकाचे तापमान मॉड्यूल स्वतः मोजून त्यात मिळवते. सेन्सरपासून पॅनेलपर्यंत कॉम्पेन्सेटिंग केबलऐवजी साधी तांब्याची तार ओढली, तर थंड टोक सेन्सरच्या डोक्याशीच राहते आणि मॉड्यूल मात्र पॅनेलचे तापमान मिळवत राहते. भट्टीशेजारी, मे महिन्याच्या उन्हात ते डोके ६० अंशांवर आणि पॅनेल २५ अंशांवर असेल, तर आकडा ३५ अंशांनी कमी येतो. पहाटे डोके ३० वर उतरले की चूक ५ अंशांवर येते. योग्य केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली, तर हीच चूक दुप्पट होते. यातला कपटी भाग असा की नियंत्रक कमी आकडा पाहून इंधन वाढवतो, त्यामुळे पडद्यावर ठरवलेले तापमान अगदी स्थिर दिसते आणि भट्टी प्रत्यक्षात तेवढीच जास्त तापते. तक्रार इन्स्ट्रुमेंटेशन विभागाकडून न येता, दुपारच्या पाळीचा माल बिघडतो अशा रूपाने गुणवत्ता विभागाकडून येते.

पावसाळ्यात कारण बदलते. सैल ग्लँडमधून जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली की दोन टर्मिनलांमध्ये गळतीचा मार्ग तयार होतो. दोन तारांच्या ट्रान्समीटरमध्ये ही गळती मूळ प्रवाहात मिळून आकडा वाढवते. रोधावरून तापमान सांगणाऱ्या पीटी १०० सेन्सरमध्ये ती रोध घटवून आकडा कमी करते. केबलचे इन्सुलेशन मेगरने तपासताना तिची दोन्ही टोके आधी सोडवावी लागतात, कारण मेगरचे ५०० व्होल्ट मॉड्यूलपर्यंत पोहोचले, तर तोवर निर्दोष असलेले मॉड्यूल तपासणीनंतर खरोखरच बदलावे लागते.